किती दिस टिकंल?

टोपलीत काय भरायचं ते दयाबाईचं अजून ठरेना. एका सुपात नानकटाई, दुसऱ्यात मऊ गोड पाव, तिसऱ्यात टोस्ट. सगळं घरचं, घासलेटचा डबा आडवा घालून, खाली-वर निखारे ठेवून भाजलेलं. ही विद्या तिनं नगरच्या मिशनातल्या मडमेच्या स्वयंपाकघरात उचललेली. पावाला नुसतं बोट लावावं तर बोट आत जाई. टोस्टाची गोष्ट वेगळी. मागं एकदा शेजारच्या आसारामाच्या बैलाचा पाय तिच्या टोस्टावर पडला, तर टोस्टाला काही झालं नाही आणि बैल पोळ्यापर्यंत लंगडला. बैल आता नाही, पण खोटं वाटलं तर आसारामाला विचारावं.

"नेहमीचं घे की," नवरा शमुवेल बाजेवरून म्हणाला. "टोस्ट कोन खातंय? गावात तेवढं दात हायेत व्हय?"

"मागल्या बाजारी नानकटाई हाय तशी परत आली. टोस्ट मातूर लोकांनी भांडून नेलं."

"मंग जगबुडी आली म्हन," शमुवेल हसला.

दयाबाई हसली नाही. तिनं टोस्टानं टोपली भरली आणि वर फडक्यात बांधून एक पाव ठेवला, लेकीसाठी. कृपा नदीपलीकडं, निजामाच्या हद्दीत दिलेली. सातवा महिना लागला होता. पलीकडं गावं पेटतायत अशी बोलवा होती, म्हणून जावई याकोब आज तिला माहेरी आणून सोडणार होता. तसा शब्दच दिला होता त्यानं.

अठ्ठेचाळीस सालचा भादवा. गोदेकाठी बाजार भरला होता, पण बाजाराचा गलका नव्हता. मच्छिंद्राची होडी पलीकडून माणसं आणत होती. इतकी गच्च भरून, की मासेच बाजूला सरून वाट देत असावेत. उतरणारे लोक ना बैल बघत, ना बांगड्या. सरळ येऊन दयाबाईपुढं उकिडवे बसत. भाव कोणी विचारीना.

"किती दिस टिकंल?" पहिल्यानं विचारलं.

"म्हैनाभर. कोरडं ठिवलं तर."

दुसऱ्यानं तेच विचारलं. त्याच्या मागच्या बाईनंही तेच. मग एक म्हातारा बसला. तोंडात एक दात नाही, तरी ओंजळ भरून टोस्ट उचलले.

"आजोबा, चावनार कशानं?"

"भिजवून खाईन की. पानी कुटंबी मिळतं, पोरी. चूल न्हाई मिळत."

दयाबाईचा हात टोपलीतच राहिला. तिनं पलीकडच्या काठाकडं पाहिलं आणि उरलेल्या टोस्टांवर फडकं ओढलं.

"झाकलं का वं, बाई?" कडेवर पोर घेतलेल्या एकीनं विचारलं. "द्या की तेवढं."

"माज्या लेकीचं हाय ते. येनार हाय आज."

"कोन्त्या गावची लेक?"

दयाबाईनं गाव सांगितलं. त्या बाईनं पोर या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि उठून चालायला लागली.

ऊन कलल्यावर याकोब आला. एकटाच. गुडघ्यापर्यंत चिखल आणि पायात वहाण एकच.

"सलाम, मामी."

"सलाम, जावयबापू. किरपा कुटं?"

"मागनं येती."

दयाबाईनं मान उंच करून होडीकडं पाहिलं. होडी केव्हाच रिकामी झाली होती.

"म्हंजे... तिला चालवंना," याकोब म्हणाला. "हाय घरी. ठीक हाय."

तिनं फडकं काढलं. "किती मानसांचं बांदू?"

याकोब पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

"एकाचं."

दयाबाईनं टोस्ट बांधून दिले. मग तिनं पाव पुढं केला. त्यानं तो घेतला नाही, तिच्याकडं पाहिलंही नाही. गठुडं काखेत मारून तो उठला. नदीकडं वळला नाही. नगरच्या वाटेला लागला. आधी चालत होता, चिंचेपाशी गेल्यावर पळायला लागला.

दयाबाईनं टोपली डोक्यावर घेतली आणि काठावर आली. मच्छिंद्र होडीचा दोर खुंट्याला गुंडाळत होता.

"सोड दोर. पलीकडं जायाचंय."

"मावशी, येडी का खुळी तू? आज समदी दुनिया हिकडं येतीय."

"म्हनूनच जागा हाय ना तुज्या होडीत. चल."

मच्छिंद्रानं तिच्या तोंडाकडं पाहिलं, नगरच्या वाटेकडं पाहिलं आणि दोर सोडला. येताना ज्या होडीत पाय ठेवायला ठिकाण नव्हतं, तिच्यात आता पुढं दयाबाई, मध्ये टोपली आणि मागं तो. नदी गढूळ होती, ओढ मोठी होती.

"उतरवीन," मच्छिंद्र अर्ध्या नदीत म्हणाला. "पन थांबनार न्हाई. मला लेकरं हायेत."

"मलाबी लेकरूच हाय. मार वल्हं."

पलीकडचा काठ जवळ आला. माणूस एक नव्हतं. पार उतारापासून वरच्या शिळांपर्यंत कुत्री बसली होती. त्या गावात एवढी कुत्री कधी नव्हती. आजूबाजूच्या सगळ्या गावांची मिळून आली असावीत. सगळ्यांची तोंडं नदीकडं. होडी पाहिल्यावर ती एकदमच उठून उभी राहिली.

भुंकलं एकही नाही.