हात पोचेल तिथं

"हात वर करा आजी. ताणू नका हं, सहज पोचेल तेवढाच."

आजींनी हात वर केला. बोटं खांद्याच्या जरा वर जाऊन थांबली. मुलीने दाराच्या आतल्या बाजूला नेमक्या तिथेच पेन्सिलीने चार खुणा केल्या, कडीच्या चार स्क्रूंसाठी.

सुट्टीचे दोन महिने ती घरं दुरुस्त करून देणाऱ्या एका संस्थेत कामाला होती. हौशी मंडळी दर आठवड्याला नवी येत, पत्रे ठोकत, भिंती रंगवत, फोटो काढत आणि आपापल्या घरी जात. ती मात्र मुक्कामाला. एकवीस घरं झाली होती आणि तक्रारीचा रकाना कोरा होता. संस्थेच्या मोठ्या बाई बैठकीत तिचं उदाहरण देत, आणि तिलाही ते गोड लागायला लागलं होतं. हातात ड्रिल घेतलं की सगळे तिला मिस्तरीणबाई म्हणत.

"आतून कडी लागली ना, की सुटले बघ मी," आजी म्हणाल्या. ओंजळीत त्यांनी स्क्रू धरले होते. "कपडे बदलायचे तर दाराला पाठ लावून उभं राहावं लागतं. कुणी एकदम ढकलून आत आलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं गं."

तेवढ्यात सूनबाई सरबताचा पेला घेऊन आल्या. सकाळपासून सगळ्यांची सरबराई त्यांनीच केली होती. आवाजात नुसती साखर.

"अगंबाई, आतून कशाला? बाहेरून हवीय."

मुलीने खिशातला कागद काढला. 'आजींच्या खोलीला कडी.' एवढंच होतं. कुठल्या बाजूने, हे लिहायचं कुणाला सुचणार? खाली आजींच्या मुलाची सही होती, घर त्याच्या नावावर. आणि पेटीत कडी एकच उरली होती.

"पण आजी म्हणाल्या की..."

"त्या काय, काहीही म्हणतात. आम्ही दोघं कामाला गेलो की ह्या निघाल्या घरोघर. सून जेवायला घालत नाही म्हणून सांगत फिरतात. गल्लीभर अब्रू काढलीय आमची." सूनबाई हसल्या. "तुम्ही घरमालकाच्या सांगण्याप्रमाणेच करता ना?"

तसंच करत होती ती. नियमच तसा होता. मोठ्या बाईंना फोन करून विचारता आलं असतं, पण विचारलं की भानगड झाली असती आणि बाविसाव्या घरापाशी तो रकाना भरला असता. मुलगी आजींकडे न बघता दाराच्या दुसऱ्या बाजूला गेली.

आजी भांडल्या नाहीत. सूनबाई पेला ठेवायला आत गेल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "बाहेरूनच लावायची तर जरा खाली लाव. नात असते दिवसभर घरात. तिचा हात पोचेल एवढी. उंची काही लिहिलेली नाही ना तुझ्या कागदावर?"

नव्हती लिहिलेली. मुलीला एकदम हलकं वाटलं. ती गुडघ्यांवर बसली आणि कमरेएवढ्या उंचीवर पेन्सिल टेकवली.

"वर हं ताई," मागून सूनबाई म्हणाल्या. "एकदम वर. पोरगी भारी वांड आहे."

मुलगी उठली. आजींच्या खोलीतलं स्टूल तिने बाहेर ओढलं आणि त्यावर चढली. भोकं पाडून झाली तसा सवयीने तिने हात मागे केला, "स्क्रू." आजींनी दिला. मग दुसरा. चारही एकेक करून आजींनीच दिले.

काम मात्र झकास झालं. कडी एका बोटाने सरकत होती.

"स्टूल आतच ठेवा," सूनबाई म्हणाल्या. "आणि ही पाण्याची बाटली." मुलीने दोन्ही ठेवलं. आजी स्टुलावर बसल्या. कडी घरच्यांसमोर तीनदा लावून दाखवायची, असा नियम होता. तिने दार ओढून घेतलं आणि कडी लावली, काढली. लावली, काढली. तिसऱ्यांदा लावली तेव्हा सूनबाई म्हणाल्या, "राहू दे आता तशीच. मला दुपारची पाळी गाठायचीय."

सही करून त्यांनी शेराही लिहिला. 'मुलगी फार प्रेमळ. कामात चोख.' वाचून तिला बरं वाटलं. मग बरं वाटल्याची लाज वाटली. पण आधी बरं वाटलं.

सूनबाई कामावर गेल्या. मुलगी अंगणात ड्रिलची वायर गुंडाळत होती तेव्हा घरातून धप्प असा आवाज आला. मग पुन्हा. ती आजींच्या दाराशी गेली. पाच-सहा वर्षांची नात एक हात वर करून अनवाणी उड्या मारत होती. प्रत्येक उडीला कडी हातभर वरच राहत होती, आणि पोरीला तो खेळच वाटत होता.

"ताई, तू उघड ना. तू उंच आहेस."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. कुणीतरी ओरडलं, "मिस्तरीणबाई, चला!"

"आई आली की उघडेल हं," मुलगी म्हणाली आणि ड्रिलची पेटी उचलली.

धप्प. धप्प. मग थोडा वेळ काहीच नाही, नुसती धाप.

"दमलीस का गं?" आतून आजींचा आवाज आला. "राहू दे आता. पुढच्या वर्षी पोचेल तुझा हात."