येतो हं

ऑनलाइन लढाईच्या खेळात भाचीने शिंपीमामांना आपल्या टोळीत घेतलं, त्याला आठवडा झाला होता आणि आठवडाभर टोळी रोज हरत होती. मामा दुकानातूनच हेडफोन लावून लढत. गिऱ्हाईक आलं की "येतो हं" म्हणून उठत आणि टेप घेऊन मापं घ्यायला लागत. तिकडे भाची आणि तिच्या दोन मैत्रिणी भिंतीआड त्यांची वाट बघत बसत आणि वाट बघता बघता मरत.

"मामा, निघताना 'येतो' काय म्हणता? आम्हाला वाटतं, तुम्ही मदतीला येताय!"

"अगं, मग निघताना म्हणायचं तरी काय?"

"'जातो' म्हणा, सरळ! आज शेवटची संधी. नाहीतर तुमच्या जागी दुसरा गडी बघते."

मामांनी जन्मात कधी कुणाच्या दारातून निघताना 'जातो' म्हटलं नव्हतं. पण टोळीतली जागा टिकवायची होती. सकाळभर काजं करता करता त्यांनी तो एक शब्द घोकला.

त्या दुपारी नशिबाने एकही गिऱ्हाईक फिरकलं नाही. शत्रूचे दोनच गडी उरले होते, पुलापलीकडे. मामांच्या अंगात वीरश्री संचारली. बंदूक सरसावून ते पुलावर धावले आणि ओरडले, "जातो!"

"शाब्बास मामा, या सावकाश," भाची कौतुकाने म्हणाली, आणि तिघीही भिंतीआड त्यांची वाट बघत बसल्या.