पाच खांद्यांची वाट

"घरापासून रस्त्यापर्यंत अंतर किती?" मी फॉर्ममधला प्रश्न वाचला. "पाच खांदं," जान्या म्हणाला. म्हणजे नऊ वर्षांच्या सखीला डोंगरातल्या पाड्यावरून वडप्याच्या हायवेपर्यंत आणताना त्याला पाच वेळा खांदा बदलावा लागतो. "पोर लहान व्हती तवा तीनच व्हते, बाई." पण रकान्यात किलोमीटरच लिहायचे असतात. आमच्या विशेष शाळेच्या गाडीचा मार्ग मीच आखते, म्हणून मीही त्यांच्याबरोबर चालले. सखीला चालता येत नाही, बोलताही येत नाही. ती बापाच्या खांद्यावर, टॉवेलच्या घडीवर बसली होती. एका चिंचेच्या झाडापाशी जान्याने घडी आणि पोर, दोन्ही उजव्या खांद्यावरून डाव्यावर घेतली. सखीने नव्या खांद्यावर दोनदा थोपटलं. वाटेत असं पाचदा झालं. मग मी हट्टाने गाडी थेट पाड्यापर्यंत मंजूर करून घेतली. आज पहिला दिवस, मीही गाडीत होते. जान्याने सखीला सीटवर बसवलं, पट्टा लावला, "सुटलो बग आता," म्हणत हसला आणि गोडाऊनच्या कामाला चालत निघाला. चिंचेच्या जरा पुढे, गोडाऊनच्या वळणावर कंटेनर अडकले होते, गाडी थांबली. सखी मान वळवून मागच्या काचेतून बघत राहिली. लांबून जान्या येताना दिसला, नेहमीसारखाच एका बाजूला कललेला. चिंचेपाशी तो थांबला. टॉवेलची घडी त्याने उजव्या खांद्यावरून डाव्यावर घेतली. सखीने काचेवर दोनदा थोपटलं.