बिनचौकटीचं दार

"काचेला नका धरू, काका," सेल्समन पुढे होत म्हणाला, आणि वडिलांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

काचेला नाही तर धरायचं तरी कशाला? शोरूममधल्या त्या नव्याकोऱ्या, उंच गाडीचं दार सताड उघडं होतं आणि काचेभोवती चौकटच नव्हती. नुसती काच दारातून वर आलेली, हात लागला की थरथरणारी. ड्रायव्हरच्या सीटवर वडील चढले होते ते स्टिअरिंगला धरून. उतरताना स्टिअरिंगचा काही उपयोग नव्हता. डावा गुडघा तर केव्हा दगा देईल याचा नेम नव्हता. घरच्या जुन्या गाडीतून ते दाराच्या चौकटीवर सगळा भार टाकून उतरत. हे फक्त आईला ठाऊक होतं, आणि तिला सक्त ताकीद होती. गुडघ्याचं मुलाच्या कानावर गेलं की आपल्या हातची गाडीची चावी गेलीच, असं वडिलांचं पक्कं मत होतं.

"बसतो जरा," ते म्हणाले. "सीट बरी आहे."

मुलगा खुलला. या गाडीने गेले कित्येक दिवस त्याची झोप उडवली होती. "आणि काच बघितलीत ना, बाबा? आधी ती बोटभर खाली येते, मगच दार उघडतं. दार लावलं की परत वर जाऊन बसते."

"हो का? शहाणी आहे," वडील म्हणाले.

नवी गाडी बघायला याच गाडीच्या आधीच्या, तशाच बिनचौकटीच्या मॉडेलच्या मालकांनाही बोलावलेलं होतं, त्यामुळे मतांना तोटा नव्हता. एक कंत्राटदार गाडीभोवती प्रदक्षिणा घालून आले. "चारही काचा खाली करायच्या आणि निघायचं. काय थाट असतो!"

"थाट राहू द्या," एक दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जरा वेग घेतला की कानाशी वारा शिट्ट्या मारतो. आणि काचेला धरून दार लावू नका, हे घरच्यांना सांगून सांगून माझी जीभ झिजली."

"मग घेतलीत कशाला?"

"दिसते ना छान! म्हणून तर फसले."

सगळे हसले. त्या हशाचा फायदा घेऊन वडिलांनी उजवा पाय हळूच बाहेर काढला. पाय अधांतरी लोंबकळत राहिला. जमीन होती तिथेच होती, पण आज जरा जास्तच खाली गेलेली. त्यांनी पाय मुकाट्याने आत घेतला आणि काहीतरी करायचं म्हणून वायपर सुरू केला. कोरड्या काचेवर तो केविलवाणा करकरला.

"रमले बघा बाबा!" मुलगा कंत्राटदारांना म्हणाला. "उतरायलाच तयार नाहीत."

"वडिलांनी पसंत केली म्हणजे झालंच की."

गाडीशेजारी उभ्या असलेल्या आईचा जीव मात्र टांगणीला लागला होता. "अहो, पुरे आता, उतरा की," ती बोलून गेली, आणि मग तिने जीभ चावली.

"बुकिंगचं बोलून टाकतो," म्हणत मुलगा सेल्समनबरोबर काउंटरकडे निघाला.

वडील त्याच्या पाठीकडे बघत राहिले. आपल्याला गाडी आवडली, एवढ्यावर हा पोरगा ती गळ्यात बांधून घेणार. मग रोज या दाराशी हीच फजिती, रोज एक नवी सबब. आणि त्याला सांगावं, तर चावी गेली. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाला साधी पिशवी धर म्हणून सांगितलं नव्हतं.

"अरे," त्यांनी हाक मारली. मुलगा परत आला, तेव्हा ते बाहेर न बघताच म्हणाले, "हात दे जरा."

मुलाने हात पुढे केला. वडिलांनी हात नाही, त्याचा दंडच धरला, चौकट धरावी तसा, आणि सगळा भार त्यावर टाकून ते खाली आले. गुडघ्यातून आलेली कळ त्यांनी तशीच गिळली.

"डावा ना?" मुलाने हलकेच विचारलं.

वडिलांनी झटकन आईकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघता? मी चकार शब्द काढलेला नाही."

"आईने नाही सांगितलं," मुलगा म्हणाला. "दर रविवारी जुनी गाडी पुसतो मी, बाबा. तुमच्या बाजूच्या दाराच्या चौकटीचा रंग गेलाय. चांगला पंज्याएवढा." त्याने मान खाजवली. "म्हणून तर बिनक्लचची शोधत होतो, डाव्या पायाला काम नको. आणि चौकटीचंच विसरलो बघा. दिसण्याला भुललो."

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो होतो."

वडिलांचे डोळे भरून आले आणि ते गाडीच्या चाकांचं बारकाईने निरीक्षण करू लागले. पलीकडे थाट आणि शिट्ट्यांचा वाद पुन्हा रंगात आला होता.

मुलाने त्या देखण्या गाडीकडे एकदा डोळे भरून बघून घेतलं आणि सेल्समनला विचारलं, "चौकटीच्या दाराची आहे का एखादी? बिनक्लचची?"

"आहे, सर. पण ती दिसायला अगदीच साधी."

"साधीच दाखवा. चाव्या दोन मिळतात ना?"

"हो, दोन."

"एक यांच्या हातात द्यायची."

वडिलांचे पाय आता जमिनीवर पक्के होते. तरीही शोरूमच्या पार दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या त्या साध्या गाडीपर्यंत जाताना त्यांनी मुलाचा दंड काही सोडला नाही.