शंभराव्या दिवसाचं पाणी

"थांब! त्यांचं नाव घेऊ नकोस." लमाय काकूने केसॉनचं मनगट धरलं.

ताचिन नदीकाठच्या विहारात भिक्खूंचं पठण नुकतंच सुरू झालं होतं. पठण चालू असताना झारीतलं पाणी वाटीत सोडायचं, गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं, की पुण्य त्याला पोचतं. आज चमनान काकांचा शंभरावा दिवस. काकांचा डोळा केसॉनला बसवलाय, म्हणून झारी तिच्या हातात दिली होती.

निदान घरात सगळे तसंच मानत होते. केसॉन चिनीमातीच्या भांड्यांवर बारीक नक्षी रंगवायची. बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होत होत शंकूसारखा पुढे आला आणि तिला एका रेघेच्या तीन रेघा दिसू लागल्या. कारखान्याच्या मालकिणीने तिला भांडी पुसायला बसवलं. दोन वर्षं ती नेत्रपेढीच्या यादीत होती. काका गेले मंगळवारी, गुरुवारी इस्पितळातून फोन. काकांनी नेत्रदानाचा अर्ज भरलेला सगळ्यांना ठाऊक होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दात्याचं नाव आम्ही सांगत नाही." बाबांनी त्याचा अर्थ 'हो' असा लावला. बाईंनी पुढे समजावलं, की जुना पडदा आणि नवा पडदा, दोन्ही लेझरने एकाच मापात कापलेत, काठाला काठ नेमका बसलाय. बाबा बाहेर येऊन सांगत सुटले, "परक्याचं असं बसतं का कधी? लेझर कसलं डोंबलाचं! रक्ताचं आहे ते."

तेव्हापासून केसॉनला काही कळेनासं झालं होतं. येणारेजाणारे तिच्या डोळ्याला हात जोडत. एक शेजारीण तर त्या डोळ्याला लॉटरीचा आकडा विचारून गेली. रडू आलं, की ते आपलं की काकांचं, असा प्रश्न पडायचा. आणि जिने सगळ्यांच्या आधी येऊन त्या डोळ्यात नवरा शोधावा, ती काकू तिच्याकडे बघतच नव्हती. समोर आली की मान खाली. नवऱ्याचा डोळा नेला म्हणून रागावली असेल? केसॉनला फार वाईट वाटायचं.

"काकू, सोड ना. पठण संपेल."

"तो डोळा त्यांचा नाहीये गं." काकूचा आवाज फाटला. "पेढीची माणसं आली होती. मी दारातूनच हाकलली. तुझ्या काकांनी एवढा अर्ज भरलेला, तरी हाकलली. म्हटलं, पुढच्या जन्मी आंधळे जन्मले तर?"

केसॉनने तिच्याकडे पाहिलं. डोळ्यातले टाके अजून निघायचे होते. काकूचा चेहरा घटकेत स्पष्ट, घटकेत पुसट दिसत होता. रागवावं की तिला जवळ घ्यावं, सुचेना. शंभर दिवस ज्यांचे उपकार मानले, त्या काकांनी डोळा दिलाच नव्हता. मग हा डोळा कुणाचा?

"अगं, नाव घे की! खुळ्यासारखी काय बसलीस?" मागून बाबा करवादले.

कुणाचं घ्यायचं? नाव कुणीच सांगणार नव्हतं. तिला ठाऊक होतं ते एवढंच, की त्याच आठवड्यात पेढीची माणसं आणखी कुठल्यातरी घरी गेली होती. तिथेही एखादी बाई रडत बाहेर आली असेल. तिलाही पुढच्या जन्माची हीच भीती वाटली असेल, तरी तिने त्यांना आत घेतलं.

केसॉनने झारी कलती केली. काकूचा हात अजून मनगटावर होता, तो तिने राहू दिला.

"जिने दार उघडलं," ती मोठ्याने म्हणाली, "तिला पोचू दे."