दुपारच्या विमानातल्या रिकाम्या जागा

स्वयंपाकघरात वाटी पडली, गोल गोल फिरत राहिली आणि थांबली. ती भानावर आली. लॅपटॉप केव्हाच बंद केला होता, तरी ती त्याच्यासमोरच बसून होती.

"मी नाही पाडली," तिची छोटी लेक ठकी आतून ओरडली. "तिची तीच पडली."

साहेबांचा फोन नुकताच येऊन गेला होता. तिचा अहवाल मंजूर झाला होता. भाड्याने घेतलेली पंख्याची छोटी विमानं तिची विमानकंपनी आता परत करणार. इंधन महागलं, आणि मागे पन्नास माणसं असोत की दीडशे, पुढे वैमानिक दोन लागतातच. मोठं विमान माणशी स्वस्त पडतं, पण आखूड धावपट्टीवर ते उतरत नाही. अशा गावांसाठी दोनच छोटी विमानं ठेवायची होती. कुठली गावं राखायची आणि कुठली सोडायची, हे ठरवणं तिच्याकडे आलं होतं. सोडलेल्या गावांत तिचं माहेर होतं.

"माहेरावर काट मारलीस, मानलं तुला," साहेब म्हणाले होते. "मला तर सासुरवाडीवरही मारता आली नसती. बायकोने घरात घेतलं नसतं."

ती हसली होती. तिला बरंही वाटलं होतं. आकडेच तसे होते. माहेरच्या दुपारच्या विमानात सदा दहाबारा जागा रिकाम्या. रिकाम्या खुर्च्या कोण उडवत बसणार?

आता आईला सांगायचं होतं. तिने फोन लावला. ठकी धावत येऊन मांडीवर चढली, म्हणून तिने स्पीकर चालू केला.

"बंद? म्हणजे कायमचं?" आईने विचारलं. मग नेहमीसारखं म्हणाली, "असू दे गं. तू नको जिवाला लावून घेऊस. तसंही मला कुठे बसू देतात त्यात."

"म्हणजे?"

"अगं, उन्हाचं. हवा तापली की विमानाला वजन उचलवत नाही म्हणे, आणि आपली धावपट्टी ही एवढीशी. मग काउंटरवरची मुलगी हात जोडत येते. काकू, तुम्हाला घाई नसेल तर उद्या जाल का? आम्ही रिकामटेकडी म्हातारी उतरतो. विमान हलकं झालं की जातं आपलं भुर्रकन."

"तू तर म्हणायचीस, गुडघा धरला म्हणून तारीख बदलली."

"मग काय सांगू? तुझीच कंपनी ना ती. लेकीच्या दारात कसली तक्रार करायची?"

'प्रवाशाने तारीख बदलली.' त्या विमानापुढच्या या नोंदी तिने रोज पाहिल्या होत्या आणि खाली सरकवल्या होत्या. दुसऱ्या एका गावाच्या विमानातही अशाच जागा रिकाम्या दिसल्या, तेव्हा तिने तिथल्या विमानतळावर फोन करून खोदून खोदून विचारलं होतं. खरं कारण कळलं आणि ते गाव राखलं गेलं. माहेरच्या विमानतळावर तिने फोन केला नव्हता. माहेरची बाजू घेतली, असं कुणी म्हणायला नको होतं.

विमानं परत देण्याच्या कागदांवर आज सकाळीच सह्या झाल्या होत्या.

आई म्हणाली, "येईन की बसने. एक रात्र तर बसायचं."

"तुझी कंबर, आई."

"कंबरेला मी सांगते समजावून. ठेव आता, दूध उतू जाईल माझं."

फोन बंद झाला. ठकीने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. पोरीच्या कपाळावर बारीकशी आठी होती.

"आई, आजीला खाली उतरवलं ना? मग तिच्या खुर्चीत कोण बसलं?"