खणखणीत

टर्बोच्या गाड्या बांधता बांधता म्हाताऱ्या मिस्त्रीचे कान गेले होते. म्हणून शर्यतीच्या इंजिनासाठी क्रँकशाफ्ट, म्हणजे आतला मुख्य फिरता दांडा, वाजवून निवडताना हातोडी तो मारी आणि ऐकायचं काम थोरल्या मुलाकडे असे. शर्यतीत धाकटा त्याच्या पुढे जाऊ लागल्यापासून थोरल्याला भावाचं नाव निघालं तरी घास गोड लागत नसे.

आज धाकट्याच्या गाडीसाठी दोन क्रँकशाफ्ट साखळीला टांगले होते. बापाने पहिल्यावर हलकेच हातोडी मारली. पोलाद गाऊ लागलं. सूर कितीतरी वेळ हवेत तरंगत राहिला.

"बद्द वाजतोय, बाबा!" थोरला बापाच्या कानाशी ओरडला. "आत तडा असणार."

दुसऱ्यावर हातोडी पडली. फुटक्या मडक्यासारखा आवाज झाला आणि जागीच मेला.

"हा बघा, कसा खणखणीत!"

"नक्की ना रे? टर्बोचा दाब आला की तडकलेल्याचे तुकडे होतात, माणसाला घेऊनच जातात."

"माझ्या कानांवर भरवसा नाही?"

"तुझ्यावर नाही तर कुणावर?" म्हाताऱ्याने पहिला क्रँकशाफ्ट काढून भंगारात फेकला. दुसऱ्यावरून, लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवला. "मग हा तुझ्या गाडीत बसवू. धाकट्याला या खेपेला बसू दे घरी. तुला एकदा तरी जिंकताना बघायचंय मला."

थोरल्याने बापाचा चेहरा निरखून पाहिला. त्यावर संशयाची एक रेघ जरी सापडली असती, तरी पाय धरून खरं सांगता आलं असतं.